गरिबांच्या लहान भगिनी : एका संस्थेच्या स्थापनेची कथा

गेल्या वर्षीं इतिहासाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "गुरुजी, एखादी संस्था अमुक दिवशीं स्थापन झाली, हें कसें ठरवितात?" मीं त्याला पुस्तकी उत्तर दिलें. दप्तरांत नोंद झाल्याची तारीख, इमारतीची कोनशिला बसविल्याची तारीख, किंवा नियमावलीला मान्यता मिळाल्याची तारीख, यांपैकीं एखादी धरावी, असें मीं सांगितलें. मुलगा समाधान पावून खालीं बसला. माझें मात्र समाधान झालें नाहीं. घरीं जातांना मला एका फ्रेंच मोलकरणीची आठवण झाली. तिनें उभारलेल्या संस्थेचा पाया कोनशिलेनें घातला गेला नाहीं, कागदानेंहि नाहीं. तो एका खाटेनें घातला गेला. आणि ती खाट कोणाची होती, हें सांगण्याची त्या संस्थेंतच पुढें कित्येक वर्षें चोरी झाली होती. त्या विद्यार्थ्याला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर मी या लेखांत देत आहें.

या स्त्रीचें नांव जान ज्युगां. तिनें जिचा आरंभ केला ती संस्था 'गरिबांच्या लहान भगिनी' या नांवानें ओळखली जाते. निराधार वृद्धांना घरांत घेणें व त्यांच्या मरणापर्यंत त्यांची सेवा करणें, हें या कॅथॉलिक धर्मभगिनींचें व्रत आहे. जान आज संतपदाला पोंचली आहे. तरीहि या लेखांत मी तिचा उल्लेख एकवचनींच करणार आहें. आपण आईला व आजीला एकवचनींच हांक मारतों, आणि त्यांत मान कमी होत नाहीं.

समुद्रकांठची मुलगी

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नांवाचा प्रांत आहे. त्याचा किनारा खडकाळ आहे व तेथील पुष्कळ लोक पिढ्यान् पिढ्या दर्यावर्दी. त्या काळीं पुरुष मासेमारीसाठीं थेट न्यूफाउंडलंडपर्यंत जात, ते महिनोन् महिने घरीं येत नसत. आणि कांहीं तर कधींच येत नसत. या किनाऱ्यावरील कांकाल गांवीं २५ ऑक्टोबर १७९२ रोजीं जानचा जन्म झाला. आठ भावंडांत ती सहावी. ती चार वर्षांची होण्यापूर्वींच तिचा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाहीं. आईनें मोलमजुरी करून मुलें वाढविलीं.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. देवळें बंद झालीं होतीं, धर्मगुरु लपून राहत होते, आणि मुलांना प्रार्थना व धर्मशिक्षण घरांतल्या व शेजारच्या स्त्रिया गुपचूप देत होत्या. जाननें गुरें राखलीं, सूत कातलें, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास जवळच्या एका सरदार घराण्यांत ती स्वयंपाकघरांतील मोलकरीण म्हणून राहिली. त्या घरची मालकीण दयाळू होती. गरिबांच्या झोंपड्यांत जातांना ती या मुलीला बरोबर नेई. देतांना घेणाऱ्याची मान खालीं जाऊं नये, हा धडा जान तेथें शिकली. तो तिला जन्मभर पुरला.

एका खलाशानें तिला मागणी घातली होती. तिनें ती नाकारली. देव आपल्याला एका कार्यासाठीं राखून ठेवीत आहे, आणि तें कार्य अजून जन्मालाच आलेलें नाहीं, अशा अर्थाचें उत्तर तिनें आईला दिलें, असें सांगतात. वीस-पंचवीस वर्षांच्या मोलकरणीच्या तोंडीं हे शब्द ऐकून शेजारणी हंसल्याहि असतील. परंतु त्यांतील 'अजून' हा शब्द विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावा. तें कार्य जन्माला येण्यास पुढें वीसहून अधिक वर्षें लागलीं.

पंचवीस वर्षांची चाकरी

१८१७ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, जान सँ-सेर्व्हां या बंदराच्या गांवीं आली. तेथील इस्पितळांत तिनें सुमारें सहा वर्षें रुग्णांची सुश्रूषा केली. काम इतकें जड होतें कीं तिची प्रकृति ढांसळली. मग एका प्रौढ, अविवाहित बाईनें तिला आपल्या घरीं नोकरीस ठेवून घेतलें. नांवाला एक मालकीण व दुसरी मोलकरीण. पण प्रत्यक्षांत दोघी बहिणींसारख्या राहिल्या. त्या बरोबर प्रार्थना करीत, मुलांना धर्मशिक्षण देत, गरिबांकडे जात. बारा वर्षांनंतर, १८३५ सालीं, ती बाई वारली व जान पुन्हां निराधार झाली.

१८३७ सालीं जाननें फ्रांस्वाझ ओबेर नांवाच्या बहात्तर वर्षांच्या मैत्रिणीबरोबर एका लहान घराचा भाग भाड्यानें घेतला. दोन खोल्या व वर कौलाखालचा माळा, एवढीच जागा. व्हर्जिनी त्रेदानियेल नांवाची सतरा वर्षांची पोरकी मुलगीहि त्यांच्याजवळ येऊन राहिली. फ्रांस्वाझ घरीं बसून सूत काती, व्हर्जिनी शिवणकाम करी, आणि जान दिवसभर लोकांच्या घरीं धुणें व झाडलोट करून मजुरी आणी. एक म्हातारी, एक मध्यमवयीन व एक कोंवळी मुलगी, असें हें तिघींचें घर होतें.

आतां या वेळचा हिशेब मांडून पाहा. जानचें वय सत्तेचाळिसाच्या घरांत आलें होतें. तिला जमीन नव्हती, घर नव्हतें, फारसें शिक्षण नव्हतें, आणि अंगांत पूर्वींचें बळहि राहिलें नव्हतें. व्यवहारी मनुष्य म्हणाला असता, "आतां या बाईनें स्वतःच्याच म्हातारपणाची तजवीज करावी." तिनें मात्र दुसऱ्यांच्या म्हातारपणाची तजवीज करावयास घेतली.

खाट

सँ-सेर्व्हांच्या रस्त्यांवर भीक मागणाऱ्या पुष्कळ म्हाताऱ्या दिसत. कोणाचा नवरा समुद्रानें नेला होता, तर कोणाचे मुलगे. १८३९ च्या हिंवाळ्यांत अशीच एक विधवा जानच्या नजरेस पडली. तिचें नांव आन शोव्हँ. ती आंधळी होती व तिचें अर्धें अंग लुळें पडलें होतें. तिला सांभाळणारी तिची बहीण आतां तिला सांभाळूं शकत नव्हती. थंडी कडाक्याची होती.

जाननें घरच्या दोघींचा विचार घेतला, त्या म्हातारीला उचललें, जिना चढून घरांत आणलें, आणि आपल्या स्वतःच्या खाटेवर निजविलें. स्वतः ती माळ्यावर निजावयास गेली.

घडलें तें एवढेंच. सभा भरली नाहीं, वर्गणी गोळा झाली नाहीं, ठराव झाला नाहीं. दुसरे दिवशीं सकाळीं जान नेहमींप्रमाणें मजुरीला गेली असेल. घरांत जेवणारें एक तोंड वाढलें, एवढाच काय तो फरक. परंतु आज या संस्थेचीं जीं घरें ठिकठिकाणीं उभीं आहेत, त्या सर्वांचा आरंभ त्या जिन्यावर झाला.

थोड्याच दिवसांनीं दुसरी म्हातारी आली. तिचें नांव इझाबेल. ती जन्मभर एका घरीं चाकरीस होती. धनी दरिद्री झाले तेव्हां तिनें आपली सांठविलेली पुंजी त्यांच्यावर खर्च केली. ती संपल्यावर भीक मागून त्यांना पोसलें. आणि ते वारल्यावर ती उघडी पडली. अशा इमानी चाकराला दारांतून परत लावणें जानला शक्य नव्हतें. दुसरी खाटहि गेली. व्हर्जिनीची मैत्रीण मारी जामे ही तरुण मुलगी फावल्या वेळीं मदतीस येऊं लागली.

याच सुमारास गांवच्या देवळांत ऑगस्ट ल पायर नांवाचा एक तरुण धर्मगुरु काम करीत होता. मारी व व्हर्जिनी त्याच्या सल्ल्यानें चालत. १५ ऑक्टोबर १८४० रोजीं त्याच्या मार्गदर्शनाखालीं या स्त्रियांनीं एक लहान मंडळ स्थापिलें व साधे नियम करून घेतले. १८४१ सालीं त्या एका मोठ्या जागेंत राहावयास गेल्या. ती जागा पूर्वीं दारूचा गुत्ता होती! तेथें बारा म्हाताऱ्यांची सोय झाली. १८४२ सालीं त्यांनीं एक जुना मठ विकत घेतला. त्याच वर्षीं २९ मे रोजीं सर्वांनीं जानला प्रमुख निवडलें व आपणांस 'गरिबांच्या सेविका' असें नांव घेतलें. ल पायरनें या कामीं पुष्कळ साहाय्य केलें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पुढें जें घडलें त्यामुळें त्याच्या चांगल्या कामावरहि पाणी ओतणें न्यायाचें होणार नाहीं.

टोपली

इतक्या म्हाताऱ्यांना खावयास काय घालावें? त्यांतील कित्येकजणी पूर्वीं रोज ठराविक घरीं भीक मागत असत. त्यांना पुन्हां रस्त्यावर पाठवावें, तर थंडी, अपमान व दारूचें व्यसन यांच्याच हातीं त्यांना देण्यासारखें होतें. जाननें त्यांना सांगितलें, "तुम्हांला कोण कोण देत असत, त्यांचीं घरें मला सांगा. तुमच्याऐवजीं मी जातें." संत जॉन ऑफ गॉड यांच्या नांवानें चालणाऱ्या संघांतील एका बंधूनें तिला या कामीं धीर दिला व पहिली टोपली दिली. ती टोपली हातांत घेऊन जान दारोदार फिरूं लागली.

आपल्याकडे पूर्वीं गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. पांच घरचें अन्न झोळींत घेतांना त्या मुलांच्या मनाची काय अवस्था होत असेल, हें ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकलें असेल त्यांना जानची स्थिति समजेल. ब्रेटन लोक मोठे मानी. जन्मभर कष्टाची भाकरी खाल्लेल्या बाईला हात पुढें करणें सोपें गेलें नाहीं. तरी ती गेली. पैसा मिळो, शिळी भाकरी मिळो, जुनें कापड मिळो, कीं जळणाची मोळी मिळो, तिनें कांहींच हलकें मानलें नाहीं. एकदां एका गृहस्थानें संतापून तिच्या तोंडांत मारली. त्यावर, ही तर मला मिळाली, आतां माझ्या गरिबांसाठीं कांहीं द्या, असें ती शांतपणें म्हणाली, अशी कथा सांगतात.

या मागण्यांत एक मर्म आहे. जान म्हाताऱ्यांच्या नांवानें मागत होती, इतकेंच नव्हे, तर त्यांच्या जागीं उभी राहून मागत होती. दान करणारा उंच पायरीवर असतो व घेणारा खालच्या. जान वरच्या पायरीवरून देण्याऐवजीं खालच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, आणि आपल्या म्हाताऱ्यांना तिनें वर, घरांत, चुलीपाशीं बसविलें.

पंधरा दिवसांचें प्रमुखपद

८ डिसेंबर १८४३ रोजीं भगिनींनीं जानची पुन्हां प्रमुख म्हणून निवड केली. पंधराच दिवसांनीं, २३ डिसेंबरला, ल पायरनें ती निवड रद्द ठरविली व आपल्या सल्ल्यानें चालणाऱ्या तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला प्रमुख नेमलें. मारीच्या दुप्पट वयाची, जिच्या खाटेपासून हें सर्व सुरू झालें ती जान, आतां केवळ भिक्षा गोळा करणारी भगिनी उरली.

ती भांडली नाहीं. तिनें वेगळी चूल मांडली नाहीं. तिनें टोपली उचलली व ती पुन्हां रस्त्याला लागली.

येथें इतिहासानें मोठी गंमत केली आहे. फ्रेंच अकादमीकडून दरवर्षीं 'मोंतियों' नांवाचें पारितोषिक, मोठें सत्कृत्य करणाऱ्या गरीब फ्रेंच मनुष्याला दिलें जात असे. सँ-सेर्व्हांच्या प्रतिष्ठित नागरिकांनीं जानचें नांव सुचविलें, आणि ११ डिसेंबर १८४५ रोजीं तिला तीन हजार फ्रँकचें पारितोषिक जाहीर झालें. द्युपँ या नामांकित वक्त्यानें अकादमीपुढें तिची हकीकत सांगितली. इतक्या लोकांचा खर्च ही बाई भागविते तरी कशी, असा प्रश्न करून, ईश्वराची कृपा व जानचे न थकणारे पाय यांकडे त्यानें बोट दाखविलें. म्हणजे संस्थेच्या आंत तिचें स्थान काढून घेऊन दोन वर्षें झालीं होतीं, आणि बाहेर सारा फ्रान्स देश तिला या कार्याची जननी म्हणून ओळखूं लागला होता. तें भाषण छापलें गेलें. जान त्याची प्रत ओळखपत्रासारखी जवळ बाळगी व नव्या गांवीं दाखवी. कारण त्यामुळें तिच्या म्हाताऱ्यांसाठीं दारें उघडत.

१८४६ सालीं ती रेन शहरीं गेली व तेथें घर उभें राहिलें. त्याच वर्षीं दिनां येथें, १८४७ सालीं तूर येथें, १८५० सालीं आंजे येथें घरें झालीं. एखादें घर अडचणींत सांपडलें कीं जानला बोलावणें जाई. ती येई, मागे, घर सांवरी व पुढें जाई. १८४९ च्या सुमारास लोकांनींच या स्त्रियांना 'गरिबांच्या लहान भगिनी' हें नांव दिलें, व तेंच कायम झालें. १८५१ सालीं लंडन येथें घर उघडून ही संस्था समुद्रापलीकडे गेली.

सत्तावीस वर्षें

२९ मे १८५२ रोजीं रेनच्या बिशपांनीं संस्थेला मान्यता दिली. त्याच वर्षीं जानला मुख्य मठांत परत बोलावण्यांत आलें. यापुढें तिनें भिक्षेला जाऊं नये व देणगीदारांशीं कसलाहि संबंध ठेवूं नये, अशी आज्ञा झाली. तिचें वय साठ वर्षांचें होतें. तिला आतां सर्वजण 'भगिनी मारी द ला क्रुआ', म्हणजे क्रूसाची मारी, या धर्मनामानें ओळखूं लागले. १८५६ सालीं संस्थेनें सँ-पेर्न येथें विस्तीर्ण जागा घेतली, तेव्हां तीहि तेथें गेली. व्रत घेण्यापूर्वीं तयारी करणाऱ्या तरुण भगिनी तेथें राहत. त्यांच्यांत जाननें उरलेलें आयुष्य काढलें. एकूण सत्तावीस वर्षें!

या काळांत संस्थेचा इतिहास हळूहळू बदलण्यांत आला. ल पायर हाच संस्थापक. व्हर्जिनी व मारी या पहिल्या दोन भगिनी. जान ही मागाहून आलेली तिसरी, असें नव्या भगिनींना शिकविण्यांत येऊं लागलें. बागेंत काठी टेकीत चालणारी, दृष्टि अधू झालेली ती उंच म्हातारी कोण, हें तिच्याजवळ राहणाऱ्या मुलींनाहि ठाऊक नव्हतें. ती त्यांना लहान व्हा, अगदीं लहान व्हा, म्हणून सांगे. वृद्धांची सेवा म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा, असें समजावी. पण त्या खाटेची गोष्ट तिनें स्वतःच्या मोठेपणासाठीं कधीं सांगितली नाहीं. माझें कार्य तुम्हीं माझ्यापासून घेतलेंत, परंतु मी तें आपखुषीनें देतें, असें ती ल पायरला एकदां म्हणाल्याची आठवण मात्र मागें राहिली आहे. या एका वाक्यावरून कळतें कीं तिला सर्व समजत होतें. ती भोळी नव्हती. ती मुकी राहिली ती जाणून-बुजून.

याच काळांतील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. १८६५ सालीं संस्थेला कायमचें ठराविक उत्पन्न मिळण्याचा प्रश्न पुढें आला. असें उत्पन्न घ्यावें कीं नाहीं, याविषयीं वरिष्ठांत विचार चालू असतां त्यांनीं या विसरलेल्या म्हातारीला बोलावून तिचें मत विचारलें. आपण कायमच्या उत्पन्नावर अवलंबून राहूं नये, देवावर व रोजच्या भिक्षेवर विसंबावें, असें तिनें सांगितलें. तसाच निर्णय झाला व त्यावर तिचीहि सही घेण्यांत आली. जिला नियमाप्रमाणें कांहींच अधिकार नव्हता, तिचाच शब्द संस्थेचा नियम झाला.

१ मार्च १८७९ रोजीं तेरावे लिओ या पोपांनीं संस्थेच्या नियमावलीला मान्यता दिली. २९ ऑगस्ट १८७९ रोजीं शहाऐंशीं वर्षांची जान शांतपणें देवाघरीं गेली. त्या वेळीं संस्थेचीं १७७ घरें होतीं व भगिनींची संख्या सुमारें २४०० होती. त्यांतील बहुतेकींना आपली आई वारली हें ठाऊक नव्हतें.

सत्य कसें बाहेर आलें

विद्यार्थ्यांनीं हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण तो इतिहासाच्या अभ्यासाचा आहे. खोटी हकीकत छापली गेली, शिकविली गेली, पाठ झाली. मग ती टिकली कां नाहीं?

पहिलें कारण म्हणजे कागद. १८४५ सालचें अकादमींतील भाषण छापून प्रसिद्ध झालें होतें. सँ-सेर्व्हांच्या नागरिकांनीं तिच्यासाठीं लिहिलेला अर्ज होता. त्या वेळचे हे लेख जानलाच या कार्याचा आरंभ करणारी म्हणत होते. नंतर सांगितलेल्या गोष्टीपेक्षां घटनेच्या वेळीं लिहिलेल्या कागदाचें वजन अधिक, हा इतिहासाचा नियम येथें उपयोगीं पडला. दुसरें कारण म्हणजे माणसांची स्मृति. ज्यांनीं तिच्या टोपलींत भाकरी घातली होती, त्यांच्या घरांत ती गोष्ट जिवंत होती. जुन्या भगिनींनाहि खरें काय तें आठवत होतें. स्वतः मारी जामेनेंच अखेरच्या काळांत, आपण पहिल्या नव्हे, पहिली व संस्थापिका जानच होती, अशी कबुली दिली, असें सांगतात.

१८९० सालीं रोमहून चौकशी होऊन ल पायरला पदावरून दूर करण्यांत आलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं जुने कागद तपासून खरा इतिहास मांडला गेला. ३ ऑक्टोबर १९८२ रोजीं दुसरे जॉन पॉल या पोपांनीं जानला धन्यवादित म्हणून जाहीर केलें, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजीं सोळावे बेनेडिक्ट यांनीं तिला संत म्हणून घोषित केलें. तिच्या मृत्यूस तोंपर्यंत एकशें तीस वर्षें झालीं होतीं.

ही संस्था भारतांत १८८२ सालीं कलकत्त्यास आली. येथील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मदर तेरेसा लोरेटो मठ सोडून व पाटण्यास सुश्रूषेचें शिक्षण घेऊन डिसेंबर १९४८ मध्यें कलकत्त्यास परतल्या, तेव्हां त्यांना राहावयास जागा नव्हती. त्या वेळीं त्या याच लहान भगिनींच्या वृद्धाश्रमांत उतरल्या व तेथूनच झोंपडपट्टींतील कामास जाऊं लागल्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजीं त्यांच्या स्वतःच्या संस्थेला मान्यता मिळाली. आन शोव्हँला दिलेल्या खाटेचा वारसा असा दूरवर पोंचला.

या भगिनी गरिबी, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन व्रतांबरोबर चौथें व्रत घेतात, तें आतिथ्याचें. म्हातारा मनुष्य त्यांच्या दारीं येतो तो आश्रित म्हणून नव्हे, अतिथि म्हणून. अतिथीला देव मानावें असें आपण लहानपणापासून ऐकतों. पण तो अतिथि आंधळा, लुळा व कायमचा राहावयास आलेला असला, म्हणजे या शब्दाची खरी परीक्षा होते.

आपण काय घ्यावें?

ही कथा सांगितल्यावर बहुतेक लोक म्हणतात, "पाहा, अन्याय झाला तरी ती गप्प राहिली, आपणहि तसेंच गप्प राहावें." एवढ्यावर मी हा लेख संपवूं शकत नाहीं. जानचें मौन ही तिची स्वतःची देणगी होती. तिनें बोलण्यानें म्हाताऱ्यांच्या घरांत फूट पडली असती, म्हणून स्वतःचें नांव तिनें त्या खाटेप्रमाणेंच देऊन टाकलें. परंतु तें नांव घेऊन दुसऱ्याच्या नांवावर चढविणें हा अपराधच होता. आपला मान सोडणें हें थोर मनाचें लक्षण आहे. दुसऱ्याचा मान हिरावला जात असतां मुकाट्यानें पाहणें हें नव्हे. पुढच्या पिढीनें कागद शोधून सत्य सांगितलें, तेव्हां तिच्या नम्रतेला बाध आला नाहीं. नम्रतेचें ऋण सत्यानेंच फिटतें.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सुचवितों. आपल्या घरीं, शाळेंत, देवळांत जें काम चाललें आहे, त्याच्या मागें कोण कोण आहेत, तें पाहावयास शिका. ज्याचें नांव फलकावर आहे त्याला नमस्कार करा, पण पहाटे दारें उघडणाऱ्यालाहि नांवानें हांक मारा. आणि कोणाच्या श्रमाचें श्रेय चुकून आपल्या पदरांत पडलें, तर तें त्याच दिवशीं परत करा; तें पन्नास वर्षांनीं परत करणें फार जड जातें.

पालकवर्गाला सांगण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु मी स्वतःहि एका घरांतला कर्ता पुरुष आहें, म्हणून स्वतःलाच विचारलेला प्रश्न येथें लिहितों. घर बदललें, पाहुणे आले, मुलांना अभ्यासाला जागा लागली, कीं घरांतील कोणाची खाट प्रथम हलते? बहुधा आजीची. जाननें नेमकें उलट केलें. मुलें आपण सांगितलेल्या धड्यापेक्षां हलविलेली खाट अधिक लक्षांत ठेवतात.

आतां त्या विद्यार्थ्याला द्यावयाचें उत्तर. बाळ, संस्थेच्या दप्तरांत १५ ऑक्टोबर १८४० आढळेल, २९ मे १८४२ आढळेल, २९ मे १८५२ आढळेल, १ मार्च १८७९ आढळेल. या सर्व तारखा खऱ्या आहेत व परीक्षेंत त्या लिहिल्यास गुण मिळतील. परंतु स्थापना झाली ती १८३९ च्या हिंवाळ्यांत, एक थकलेली मोलकरीण एका आंधळ्या बाईला घेऊन जिना चढत होती तेव्हां. त्या रात्रीची तारीख कोणी टिपून ठेविली नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. जाननें म्हाताऱ्यांना भीक मागावयास न पाठवितां स्वतः जाण्याचें कां ठरविलें?

२. १८४५ सालच्या भाषणाचें इतिहासाच्या दृष्टीनें काय महत्त्व आहे?

३. स्वतःवरील अन्याय सहन करणें व दुसऱ्यावरील अन्याय सहन करणें यांत भेद कोणता? स्वतःच्या अनुभवांतील एक उदाहरण द्या.

४. आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्याला विचारून, त्याच्या तरुणपणीं त्यानें केलेल्या व कोणालाहि ठाऊक नसलेल्या एका कामाची हकीकत दहा ओळींत लिहून आणा.